थोरलीचा क्लबप्रवेश

विषय क्रमांक सात नसता तर पुढचं काहीच झालं नसतं. क्लबाच्या व्यवस्थापक समितीची सभा सहसा विषय क्रमांक पाचपर्यंत पोचे आणि तिथे चहा येई. चहानंतर माणसं तीच बसलेली असत, पण सभा राहिलेली नसे. त्या दिवशी चहाला उशीर झाला आणि समिती बेसावधपणे सातव्या विषयावर जाऊन आदळली. 'क्लबाच्या पंच्याहत्तराव्या वर्षानिमित्त प्रवेशाच्या दालनात काहीतरी शोभिवंत ठेवणे.'

खजिनदारांनी ताबडतोब मत्स्यालय सुचवलं. त्यांचं चष्म्यांचं दुकान होतं आणि दुकानात एक मत्स्यालय होतं, त्यामुळे कुठेही चार हात रिकामी जागा दिसली की त्यांना तिथे मासे पोहताना दिसत.

"मासे शांत असतात," ते म्हणाले. "आणि ते सभासद नसल्यामुळे तक्रारवहीत लिहीत नाहीत."

हे समितीला पटू लागलं होतं. माना हलू लागल्या होत्या. आणि नेमकं हेच सहचिटणिसांना सहन झालं नाही.

सहचिटणिसांना नाव होतं, पण निवडून आल्यापासून ते कुणी घेत नसे. घरीसुद्धा फोन आला की बायको 'सहचिटणीस अंघोळीला गेलेत' असं सांगे, आणि त्यात आदर किती नि चेष्टा किती हे त्यांना सहा वर्षांत ठरवता आलं नव्हतं. विमा कंपनीच्या दावे विभागात एकोणतीस वर्षं काढलेला माणूस. लोकांचे अर्ज परत पाठवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. क्लबात मात्र उलट झालं होतं. सहा वर्षांत त्यांनी मांडलेल्या एकवीस सूचनांपैकी एकच मंजूर झाली होती, ती म्हणजे सूचनापेटीला कुलूप लावण्याची. आता खजिनदारांची सूचना पहिल्या फटक्यात मंजूर होताना बघून त्यांच्या तोंडून बाहेर पडलं.

"आपण गाडी ठेवू या. जुनी. ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वीची. आमच्या घरचीच आहे."

अध्यक्षबाई मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या होत्या. मागच्या बाकावरच्याने अचानक बरोबर उत्तर दिल्यावर बघावं तसं त्यांनी सहचिटणिसांकडे पाहिलं.

"चालू आहे?"

"हो. म्हणजे, असते."

"रंग?"

"काळा. आतून लाल चामडं. आणि पुढे दिवे असे..." त्यांनी दोन्ही हातांच्या मुठी कानांजवळ धरून दिवे दाखवले. पुढे कितीतरी दिवस ते दृश्य लोक एकमेकांना करून दाखवत होते.

ठराव एकमताने झाला. खजिनदारांनीही हात वर केला, पण कोपरापर्यंतच.

'आमच्या घरचीच' यातला 'आमच्या' तेवढा चुकीचा होता. गाडी सासऱ्यांची होती. सासरे दातांचे डॉक्टर. वय एक्याऐंशी, दवाखाना बंद करून बारा वर्षं झालेली, सासूबाई जाऊन तीन, आणि तेव्हापासून दोन गल्ल्या पलीकडे एकटेच राहत. मुलीकडे राहायला या म्हटलं की म्हणत, "थोरलीला कोण बघणार?" थोरली म्हणजे गाडी. सहचिटणिसांच्या बायकोच्या जन्माआधी सहा महिने ती घरात आली होती, म्हणून ती थोरली. बायको धाकटी, आणि सहचिटणीस धाकटीचे यजमान. थोरलीला दर रविवारी अंघोळ असे. धाकटीच्या यजमानांना चहा विचारला जाई.

"बाबांना विचारलंत?" बायकोने घरात शिरताच हे पहिलं विचारलं. बातमी त्यांच्या आधी पोचली होती.

"विचारणार आहे."

"आणि ठराव कधी झाला?"

"आज."

"म्हणजे आधी ठराव आणि मग विचारणं. ऑफिसात पण असंच करायचात का तुम्ही?"

"ऑफिसात आधी नकार लिहायचो आणि मग अर्ज वाचायचो," ते म्हणाले. खरं तेच होतं.

सासऱ्यांनी सगळं मान तिरकी करून ऐकलं. समोरचा बोलू लागला की त्यांची नजर त्याच्या खालच्या दातांवर असे, त्यामुळे जावई त्यांच्यापुढे ओठ न उघडता बोलायला शिकला होता.

"कुठे ठेवणार?"

"आत. दालनात. झुंबराखाली."

"छपराच्या आत?"

"हो."

सासऱ्यांनी मान सरळ केली. मग म्हणाले, "आजवरचे दिवस पत्र्याखाली काढलेत तिने. झुंबराखाली उभं राहायची तिची लायकी आहे. न्या. फक्त नेताना स्टिअरिंगवर मी बसणार. आणि ती तिथे रुळेपर्यंत मी रोज येऊन बघून जाईन."

"जरूर, जरूर."

अटी न वाचता सही करणाऱ्यांचे दावे एकोणतीस वर्षं फेटाळलेल्या माणसाने 'रुळेपर्यंत' हा शब्द असा सहज गिळला.

दुसऱ्या दिवशी सहचिटणीस टेप घेऊन क्लबात गेले. गाडीची रुंदी पाच फूट चार इंच. दाराची रुंदी चार फूट दहा इंच. त्यांनी टेप उलटी धरून पुन्हा मोजलं, तरी फरक पडला नाही. तेवढ्यात त्यांच्याभोवती सभासद जमले. क्लबात कुणी पुस्तक वाचत बसला तर त्याला महिनोन्महिने कुणी हटकत नाही, पण टेप काढली की चार मिनिटांत आठ माणसं जमतात.

बिलियर्ड खेळणारे म्हणाले, गाडी तिरकी आत घाला, सोफा घालतात तशी. एका काकूंनी सुचवलं की गाडीचे भाग सुटे करून आत जोडावेत, त्यांच्या जावयाने कपाट असंच नेलं होतं. शेवटी मुख्य इंजिनिअर पुढे आले. निवृत्त होऊन त्यांना पंधरा वर्षं झाली होती, पण मुख्यपणा गेलेला नव्हता. त्यांनी चौकटीवर तीन ठिकाणी बोटाने टकटक केलं, कान लावला आणि निदान सांगितलं.

"चौकट काढा. गाडी आत घ्या. चौकट बसवा. अर्ध्या दिवसाचं काम."

"आणि गाडी बाहेर काढायची वेळ आली तर?"

"आत गेली नाही तोवर बाहेर काढायचा विचार कशाला करता?"

चौकट काढायची तर नगरपालिकेची परवानगी हवी. खिडकी क्रमांक चारच्या बाईंनी अर्ज वाचला, चष्मा कपाळावर सरकवला आणि पुन्हा वाचला.

"इमारतीत वाहन ठेवणार. म्हणजे वाहनतळ."

"नाही हो. प्रदर्शन. ती चालणार नाही, नुसती उभी राहणार."

"वाहनतळात गाड्या उभ्याच असतात."

सहचिटणिसांनी अर्ज परत घेतला. घरी जाऊन रात्रभर ते यावर उत्तर शोधत राहिले. आपण इतकी वर्षं टेबलाच्या त्या बाजूला बसलो होतो, तेव्हा समोरच्या माणसाला असंच होत असेल का, असा एक विचार त्यांना शिवून गेला, पण त्यांनी तो फार वेळ राहू दिला नाही.

तिसऱ्या खेपेला बाईंनाच त्यांची दया आली. "फर्निचर लिहा," त्या आवाज खाली आणून म्हणाल्या. "फर्निचर आत न्यायला चौकट तात्पुरती काढली, तर साधी सूचना देऊन भागतं. फक्त फर्निचरला नंबर प्लेट नसते, एवढं बघा."

म्हणून नंबर प्लेट निघाली. मग अग्निशमनचे अधिकारी आले. फर्निचरमध्ये पेट्रोल असू नये असं त्यांचं म्हणणं पडलं, म्हणून टाकी रिकामी झाली. फर्निचरला बॅटरीही लागत नाही, म्हणून तीही निघाली. विमा तर सहचिटणिसांच्याच जुन्या ऑफिसातून उतरवायचा होता, तेव्हा तिथे तरी काम घरचं होईल असं त्यांना वाटलं. फॉर्ममध्ये चौदावा प्रश्न होता, 'वस्तू स्वतःहून हलू शकते काय? होय असल्यास कारणे द्या.' हा प्रश्न अठरा वर्षांपूर्वी त्यांनी स्वतः घातला होता. तो का घातला होता हे त्यांना आठवेना. त्यांच्या खुर्चीवर आता बसणाऱ्या बाईंनी उत्तराशिवाय फॉर्म घ्यायला नम्रपणे नकार दिला. नकाराची भाषाही त्यांचीच होती. त्यांनी 'नाही' लिहिलं आणि सही केली.

गाडी नेण्यासाठी रविवारी सकाळी आठची वेळ ठरली. आदल्या दिवशी गवंड्याने चौकट काढून भिंतीला टेकवून ठेवली होती. बॅडमिंटन खेळणारे आठ सभासद ढकलायला आले. सासरे टाय लावून स्टिअरिंगवर बसले. दोन गल्ल्या आणि एक चौक पार करायला पाऊण तास लागला, कारण रस्त्यात ओळखीचं कुणी भेटलं की सासरे हात बाहेर काढून थांबायची खूण करत आणि मागे आठ माणसं एकमेकांवर आदळत. सहचिटणीस पुढे चालत होते. आपण चालत असताना मागून एक थोर गाडी येते आहे आणि लोक खिडक्यांतून बघताहेत, हे सुख त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच मिळत होतं. ते त्यांनी चौकापर्यंत उपभोगलं.

क्लबाच्या तीन पायऱ्यांवर फळ्या टाकल्या होत्या. फळ्यांवर गाडी चढेना. मुख्य इंजिनिअर म्हणाले, "जरा मागे घ्या आणि जोर लावून एकदम सोडा." आठ जणांनी गाडी मागे घेतली, जोर लावला आणि सोडली.

गाडी चढली. चौकट काढलेल्या दारातून दोन्ही बाजूंना व्यवस्थित जागा सोडून आत आली. मुख्य इंजिनिअर "बघा!" म्हणाले. पण दालनाची फरशी सहचिटणिसांनीच आदल्या दिवशी मेण लावून चकचकीत करून घेतली होती. झुंबर आलं आणि मागे पडलं. सासऱ्यांनी ब्रेक दाबला, तशी चाकं थांबली, पण गाडी थांबली नाही. दालनाच्या पलीकडे एक कमान होती आणि कमानीपलीकडे पत्त्यांची खोली. थोरली त्या कमानीत अत्यंत शांतपणे, कुठेही न खरचटता, निम्मी शिरली आणि तिचा पुढचा बंपर पत्त्यांच्या टेबलाला हलकेच टेकला.

टेबलाशी नोटरी, होमिओपाथ, निवृत्त स्टेशनमास्तर आणि एक बागवाले असे चौघे बसले होते. हे चौघे गेली एकोणीस वर्षं रोज सकाळी त्याच टेबलाशी बसत. नोटरींनी मान वर करून दिव्यांकडे पाहिलं, मग हातातल्या पानांकडे पाहिलं.

"इस्पिक," ते म्हणाले, आणि खेळ पुढे चालू झाला.

कुणालाही काही लागलं नाही. टेबलालासुद्धा नाही. पण कमान गाडीपेक्षा जेमतेम चार बोटं रुंद. दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटं अंतर. बॅडमिंटनवाल्यांनी मागून दोर बांधायला घेतला तसे सासरे काच खाली करून म्हणाले, "खबरदार. ओढाल तर दोन्ही मडगार्ड जातील."

मुख्य इंजिनिअरांनी वाकून, झोपून, एका डोळ्याने बघून दुजोरा दिला. ओढून निघणार नाही. कमान फोडावी लागेल. कमानीवर मजला होता.

अशा तऱ्हेने प्रवेशाच्या दालनात काहीतरी शोभिवंत ठेवलं गेलं. दालनातून बघणाऱ्याला गाडीचा मागचा भाग दिसे आणि पत्ते खेळणाऱ्याला पुढचा. गवंडी म्हणाला, गाडी राहणार की जाणार ते नक्की सांगा, मग चौकट बसवतो. ते कुणालाच सांगता येईना, म्हणून दाराला पडदा लावला. खजिनदार येता-जाता तो पडदा बाजूला करून म्हणत, "मासे असते तर..." आणि पुढे चालू लागत.

सोमवारी सकाळी दहाला सासरे आले, वर्तमानपत्र घेऊन गाडीत बसले आणि एक वाजता गेले. मंगळवारी तसंच. बुधवारी थर्मास आणला. गुरुवारी क्लबाच्या व्यवस्थापकाने सहचिटणिसांना नियम अकरा दाखवला. बाहेरच्या पाहुण्याला महिन्यातून चारदा, प्रत्येक वेळी दोन तास आणि सभासद सोबत असेल तरच.

"पण ते क्लबात कुठे बसलेत?" सहचिटणीस म्हणाले. "ते स्वतःच्या गाडीत बसलेत."

"गाडी फर्निचर आहे, साहेब. तुम्हीच लिहून दिलंय. क्लबाच्या फर्निचरवर बाहेरच्याने बसायचं म्हणजे..."

पण सासरे बसत. आणि स्टिअरिंगवरून त्यांना स्टेशनमास्तरांच्या हातातली पानं स्पष्ट दिसत. पहिले तीन दिवस ते गप्प राहिले. चौथ्या दिवशी स्टेशनमास्तरांनी बदामाची राणी टाकली तेव्हा गाडीतून "अरेरे" असा उद्गार आला. पत्त्यांच्या खोलीत असा उद्गार एकोणीस वर्षांत उमटला नव्हता. तक्रारवहीत अर्धं पान भरलं. पण पुढच्याच आठवड्यात नोटरींचं मोतिबिंदूचं ऑपरेशन झालं, चौथा भिडू कमी पडला, आणि बाकी तिघांनी थोडं घुटमळून टेबल गाडीच्या खिडकीशी सरकवलं. सासरे खिडकीतून खेळू लागले. पहिल्याच दिवशी ते जिंकले. दुसऱ्या दिवशी बागवाल्यांनी पानं वाटता वाटता गालाला हात लावला, तेव्हा सासरे म्हणाले, "डावीकडची वरची दाढ. जरा आत या, बघू."

बागवाले मागच्या सीटवर बसले आणि त्यांनी तोंड उघडलं. त्यानंतर रोज कुणी ना कुणी त्या लाल चामड्यावर बसून तोंड उघडू लागलं. सासरे उपचार करत नसत, फक्त बघत आणि खरं सांगत. अमुक दात राहील, तमुक जाईल, हा अजून पाच वर्षं काढेल. सकाळी साडेअकराला दालनात सहा-सात माणसं गालाला हात लावून रांगेत बसलेली असत. पंच्याहत्तराव्या वर्षानिमित्त क्लबात प्रथमच येणाऱ्या लोकांचा ही क्लबाची नेमकी कोणती शाखा आहे असा गोंधळ होई.

अध्यक्षबाईंनी सहचिटणिसांना बोलावलं. "तुमचे सासरे तुम्हीच बघा," त्या म्हणाल्या. "लेखी द्या. नियमाला धरून. मला बाकी काही माहीत नाही."

त्या दिवशी सहचिटणिसांनी घरी येऊन मोठ्या कष्टाने पत्र लिहायला घेतलं. 'महोदय, आपण क्लबाच्या वास्तूत नियम अकराचा भंग करून...' इथवर आले आणि थांबले.

"महोदय?" बायकोने खांद्यावरून वाचलं.

"अगं, हे अधिकृत पत्र आहे."

"मी नाही पोचवणार."

"तुला कोण सांगतंय? मी देईन."

"द्या ना. पण एक सांगते. आई गेल्यापासून बाबा माझ्याशी फोनवर दोन वाक्यं बोलायचे. जेवलो आणि झोपतो. काल अर्धा तास बोलले. बागवाल्यांची दाढ, स्टेशनमास्तर कसे चुकले, सगळं. आता तुम्ही तुमचं अधिकृत बघा."

सहचिटणिसांनी पत्र तेवढं पुरं केलं. सकाळी त्यांनी पत्र गाडीच्या खिडकीतून आत दिलं. सासऱ्यांनी चष्मा लावून ते नीट वाचलं, खिशातून पेन काढून एक अनुस्वार दुरुस्त केला आणि परत दिलं.

"आता बरोबर आहे," ते म्हणाले, आणि पानं पिसू लागले.

पंच्याहत्तराव्या वर्षाचा समारंभ झाला. फीत मागच्या बंपरला बांधली होती. प्रमुख पाहुण्यांनी ती कापली, टाळ्या वाजल्या, आणि पाहुण्यांनी कौतुकाने विचारलं, "फारच सुंदर. पुढची बाजू कुठे आहे?"

"पत्त्यांच्या खोलीत," सहचिटणिसांनी सांगितलं. पाहुण्यांनी मान डोलावली, पण नंतरच्या भाषणात त्यांनी गाडीचा उल्लेख टाळला.

त्यावर खजिनदारांनी विशेष सर्वसाधारण सभा मागितली. एकच विषय, दालनातली अर्धी गाडी हटवणे. सभा दालनातच भरली, कारण दुसरीकडे एवढ्या खुर्च्या मावत नसत, आणि पहिल्या रांगेतल्यांना मागच्या बंपरवर पाय ठेवून बसावं लागलं. सासरे नेहमीप्रमाणे स्टिअरिंगवर होते. काच खाली होती, म्हणजे प्रत्येक शब्द त्यांना ऐकू जात होता, आणि हे सगळ्यांना माहीत होतं.

खजिनदार वीस मिनिटं बोलले. पडदा, वारा, आत येणारी कबुतरं, फरशीवर पडलेला तेलाचा डाग. त्यात खोटं काहीच नव्हतं. मग अध्यक्षबाईंनी सहचिटणिसांकडे पाहिलं. त्यांनी पत्र वाचून दाखवायचं आणि बसायचं, असं ठरलं होतं. ते उठले. हातात पत्र होतं. दुरुस्त केलेला अनुस्वार तेवढा निळा दिसत होता.

"चूक माझी आहे," ते म्हणाले. हे त्यांनी ठरवलेलं नव्हतं. "गाडी माझी नव्हती, मी माझी म्हटली. फरशीला मेण मी लावलं. पण सासरे इथे येतात यात मला चूक दिसत नाही. क्लब कशासाठी असतो? माणसाने यावं, चार लोकांत बसावं. आपल्यातले निम्मे लोक येऊन झोपतात. ते तरी जागे असतात. माझी सूचना आहे, त्यांना सभासद करून घ्या."

मागून स्टेशनमास्तर "अनुमोदन" म्हणाले. व्यवस्थापकाने वही चाळून प्रतीक्षायादी नऊ वर्षांची असल्याचं सांगितलं.

"ते एक्याऐंशी वर्षांचे आहेत!"

"मग अर्ज लवकर करायला हवा होता," व्यवस्थापक म्हणाला, आणि त्यात कुचेष्टा नव्हती.

सहचिटणिसांची तेविसावी सूचना अशी गेली. गाडी हटवण्यावर मतं घेतली. हटवावी म्हणणारे एकेचाळीस, राहू द्यावी म्हणणारे अडतीस. त्या अडतिसांत बरेच जण बोलताना गालाला हात लावून होते.

निकाल जाहीर होताच गाडीचा रबरी भोंगा वाजला. सगळ्यांनी वळून पाहिलं.

"ठराव झाला ना?" आतून सासऱ्यांचा आवाज आला. "मग बॅटरी आणा. आणि पेट्रोल."

मुख्य इंजिनिअर लगबगीने पुढे झाले. "डॉक्टर, दोन-दोन बोटं जागा आहे. रूळ टाकावे लागतील. तीन दिवस तरी..."

"बाजूला व्हा," सासरे म्हणाले.

तासाभरात बॅटरी बसली. अग्निशमनला कळवायचं का, हा मुद्दा कुणीतरी काढला, पण तोवर इंजिन सुरू झालं होतं. खुर्च्या भिंतीला लागल्या, पायऱ्यांवर पुन्हा फळ्या पडल्या. सासऱ्यांनी टाय सारखा केला, समोरचा छोटा आरसा बोटाने केसभर हलवला आणि मान न वळवता, फक्त त्या आरशात बघत, गाडी मागे घेतली. एका दमात. मडगार्ड कमानीतून अलगद निघाले, झुंबर पुन्हा एकदा डोक्यावरून गेलं, पडदा टपावर क्षणभर पसरला आणि घसरला, आणि थोरली फळ्यांवरून उतरून बाहेर पोर्चमध्ये उभी राहिली. सगळं मिळून एक मिनिटही लागलं नाही.

दालनातली सगळी सभा तिच्यामागे बाहेर आली.

"असं कसं जमलं?" मुख्य इंजिनिअरांनी बाहेर येऊन विचारलं. त्यांचा आवाज पडला होता.

"चाळीस वर्षं लोकांच्या मागच्या दाढांचं काम आरशात बघून केलंय," सासरे म्हणाले. "तिथे तर दोन बोटंसुद्धा जागा नसते."

सहचिटणीस पायरीवर उभे होते. त्यांच्या हळूहळू लक्षात येत होतं की ओढाल तर मडगार्ड जातील, एवढंच सासरे पहिल्या दिवशी म्हणाले होते. चालवली तर काय होईल, हे त्यांना सात आठवड्यांत कुणीच विचारलं नव्हतं. आणि त्यांनीही सांगितलं नव्हतं.

पोर्चमध्ये छान उजेड होता. वर छप्पर, बाजूला दगडी खांब, समोरून सगळा रस्ता दिसत होता, आणि रस्त्यावरून जाणाऱ्या सगळ्यांना गाडी दिसत होती, पुढून, मागून, अख्खी. येणारे-जाणारे थांबून बघू लागले होते. अध्यक्षबाईंनी छपराकडे पाहिलं, खांबांमधलं अंतर पाहिलं. पंच्याहत्तर वर्षांपूर्वी क्लबाच्या संस्थापकांनी हा पोर्च अशाच गाड्या उभ्या करण्यासाठी बांधला होता, हे तिथे उभ्या असलेल्या सगळ्यांना एकाच वेळी उमगलं. चौकट, नगरपालिका, नंबर प्लेट, कशाचीच गरज नव्हती.

"ही जागा आधी कुणालाच कशी सुचली नाही?" अध्यक्षबाई म्हणाल्या.

सगळ्यांच्या माना सहचिटणिसांकडे वळल्या. त्यांनी पायरीकडे पाहिलं. आता राजीनामा तोंडी द्यावा की लेखी, एवढाच विचार त्यांच्या डोक्यात होता.

"सुचली होती की," गाडीतून आवाज आला. सासरे काचेवरची धूळ रुमालाने पुसत होते. "याला सुचली होती. पहिल्याच दिवशी मला म्हणाला, बाबा, पोर्चमध्ये ठेवू. मीच हट्ट धरला, आत झुंबराखाली हवी म्हणून. हा बिचारा मग माझ्यासाठी सगळीकडे हिंडला."

"मीसुद्धा पहिल्यापासून पोर्चच म्हणत होतो," मुख्य इंजिनिअर म्हणाले.

अध्यक्षबाईंनी सहचिटणिसांकडे पाहिलं, या खेपेला बराच वेळ. "मग सभेत बोलायचं होतं ना," त्या म्हणाल्या, आणि व्यवस्थापकाला वही आणायला सांगितली. वहीत बघता क्लबाची हद्द दरवाज्याच्या उंबऱ्यापासून सुरू होत होती. पोर्च हद्दीबाहेर. नियम अकरा तिथे लागू नव्हता. तिथे कुणीही, कितीही वेळ, कशातही बसावं. खजिनदारांनी हद्दीचं कलम दोनदा वाचलं आणि कोपरापर्यंत हात वर केला.

माणसं पांगली. गवंड्याला निरोप गेला. सहचिटणीस खिडकीपाशी गेले.

"बाबा, मी असं कधी म्हणालो?"

"नाही म्हणालास." सासऱ्यांनी रुमालाची घडी घातली. "पण मग आत जे बोललास, तेही तुला कुणी सांगितलं नव्हतं."

एवढं म्हणून त्यांनी विषय संपवला. तोवर स्टेशनमास्तर आणि बागवाले टेबल धरून पायऱ्या उतरत होते. नोटरी काळा चष्मा लावून मागे उभे होते. त्यांना अजून उन्हात पानं ओळखू येत नव्हती. होमिओपाथ तापाच्या रोग्याकडे गेले होते. टेबल खिडकीला लागलं आणि चौथी खुर्ची रिकामी राहिली.

"खेळता येतं का तुला?" सासऱ्यांनी विचारलं.

"थोडंफार."

"बस मग. समोर. माझा भिडू हो."

सहचिटणीस बसले. पहिला डाव हरले. दुसऱ्यात त्यांनी हुकूम हातात असताना चौकटचा दस्सा टाकला, आणि सासऱ्यांनी किडलेली दाढ बघावी तसं त्यांच्याकडे पाहिलं. तिसरा डावही गेला. दुपार झाली, गवंडी येऊन चौकट बसवू लागला, ठोकाठोकीने टेबलावरची पानं हलत होती. सासरे मधूनमधून "अरेरे" म्हणत होते. पण ऊठ म्हणाले नाहीत.